उजवी बाजू

झिसिस गुडघ्यांवर बसून मायक्रोफोन नखभर सरकवत होता. कानांवर हेडफोन घट्ट दाबलेले, डोळे मिटलेले. समोर चार स्पीकरांची काळी पेटी होती. तिला जोडलेला जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालू होता, पण गिटार अजून गप्प होती. अँप्लिफायर नुसता सुस्कारत होता, आणि तो सुस्कारा ऐकतच झिसिस जागा शोधायचा. स्पीकरच्या ऐन मध्यावर सुस्कारा तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चरचरे. कडेला नेला की घोंगडीखाली कोंडल्यासारखा घुसमटे. या दोहोंच्या मध्ये करंगळीएवढ्या पट्ट्यात कुठेतरी तो भरे, गोल होई. तिथे हात थांबवायचा, स्टँडचा स्क्रू आवळायचा आणि मगच श्वास सोडायचा. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता, आणि दर वेळी स्क्रू आवळून झाला की अंगठा आणि दोन बोटं जुळवून छातीवर लहानशी क्रूसाची खूण करायचा.

"जमलं का रे मिस्त्री?" हेडफोनमधून पास्खालिसचा आवाज आला. "की उपासाने चक्कर येऊन तिथेच आडवा झालास?"

"वाजव."

पास्खालिसने तळहाताची कड तारांवर टेकवली आणि खालच्या दोन तारांवर पहिला घाव घातला. स्टुडिओ केलेल्या तंबाखूच्या जुन्या वखारीची लाकडी जमीन झिसिसच्या गुडघ्यांखाली थरारली. आवाज फाटलेला होता, पण चिंधीसारखा नाही. एखादं मोठं झाड मुळातून उपटताना जमीन फाटावी तसा होता, आणि प्रत्येक घाव जिथे संपायचा तिथे सुरीने कापल्यासारखा संपत होता. एवढ्या आगीला एवढा लगाम घालणारा हात कवाला शहरात दुसरा नव्हता. झिसिस तसाच बसून राहिला. बासष्टाव्या वर्षीही त्याच्या दंडावर काटा आला.

पण काचेपलीकडच्या खोलीत येऊन दोघांनी ते परत ऐकलं तेव्हा काटा आला नाही.

"तिथे सिंह," बेस गिटार मांडीवर घेऊन बसलेली ख्रिसान्थी म्हणाली, "आणि इथे डब्यात अडकलेली माशी."

ख्रिसान्थी दिवसा बंदराजवळ औषधांचं दुकान चालवायची, आणि तिच्या बोलण्याला औषधाचीच चव होती.

"तू गप गं," पास्खालिस म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. आज तिसरा दिवस होता.

पहिल्या दिवशी त्यांनी पेटीखालचा गालिचा काढला होता. दुसऱ्या दिवशी झिसिसने आवाज किती फाटायचा ते ठरवणारं गेनचं बटण आठावरून पाचावर आणायला लावलं होतं. मैदानातल्या कार्यक्रमात जेवढं तिखट खपतं तेवढं रेकॉर्डवर खपत नाही, आवाज जास्त फाडला की त्याचा नुसता भुगा होतो, हे त्याने पास्खालिसला पुन्हा एकदा सांगितलं. पास्खालिस कुरकुरला. त्या बटणावर आठ आकड्यासमोर त्याने तरुणपणी लाल नखरंगाचा ठिपका काढून ठेवला होता, आणि उत्तर ग्रीसमधल्या निम्म्या पोरांनी आपापल्या अँप्लिफायरवर तसाच ठिपका काढला होता. शेवटी त्याने बटण फिरवलं. आवाजाला खोली आली, दात आले. एकच गोष्ट आली नाही. डावी-उजवीकडे दोन भिंती उभ्या राहायला हव्यात, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा हवी. तसं होत नव्हतं. दोन्ही बाजू सरकत येऊन मधोमध एकच बारीक खांब होत होत्या.

या धंद्यातली रीत अशी, की एकच चाल दोनदा वाजवायची. एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. बँडमध्ये गिटारवाले दोन असले तरी ज्याचा हात जास्त साफ तोच दोन्ही बाजू वाजवतो, आणि दुसरा त्या दिवशी घरी जातो. पास्खालिसचा हात इतका साफ होता, की त्याने वाजवलेली उजवी बाजू डावीवर ठेवली तर केसाचाही फरक निघत नसे.

"पहिली लाव," पास्खालिस म्हणाला.

झिसिसला ठाऊक होतं तो हे म्हणणार. पंचवीस वर्षांपूर्वीची त्यांची पहिली रेकॉर्ड त्याने लावली. पहिल्याच घावाला खोली उघडली. छत वर गेल्यासारखं वाटलं.

"हाच अँप्लिफायर," पास्खालिस म्हणाला. "हीच पेटी. हीच खोली, हीच गिटार, हाच मी. आणि हाच म्हातारा मिस्त्री. मग काय बदललं?"

झिसिसने टेबलावरच्या हलव्याचा तुकडा उचलला आणि परत खाली ठेवला.

पास्खालिसने डावा हात दिव्याखाली धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळू लागली होती. उन्हाळ्यात ती चिरायची होती, आणि त्यानंतर ती तारेवर किती धावतील हे डॉक्टरही सांगत नव्हता.

"ही शेवटची रेकॉर्ड आहे, मिस्त्री," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत तो आवाज आला तर करू. नाही तर राहू दे. मागे ठेवायचं तर असलं किडकं मी ठेवणार नाही."

ख्रिसान्थीने बेस गिटार मांडीवरून उतरवून भिंतीला टेकवली.

काय बदललं होतं ते झिसिसला माहीत होतं. जगात त्या एकट्यालाच माहीत होतं, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

पहिल्या रेकॉर्डच्या वेळी बँडमध्ये दुसरा गिटारवाला होता. स्तेर्गिओस, बावीस वर्षांचा, कमी बोलणारा. त्याची गिटार स्वस्तातली होती. आजोबा तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून निर्वासित म्हणून येताना जी शिंगाची नखी बरोबर घेऊन आले, तिने तो वाजवायचा. उद नावाच्या तिकडच्या तंतुवाद्यासाठीची ती नखी असल्या गिटारवर चालवताना कोणी पाहिलं नव्हतं. एका दिवसात उजवी बाजू वाजवून तो सैन्यात गेला, एव्रोसच्या सीमेवर. तो जाताच पास्खालिस म्हणाला, "हा कायम मागे रेंगाळतो. ते पूस. उजवीही मीच वाजवतो." त्याने वाजवलीही, बिनचूक. आणि स्तेर्गिओसला फोनवर सांगितलं की तुझं काढून टाकलं. सैन्यातून सुटून आल्यावर स्तेर्गिओस पुन्हा या वखारीची पायरी चढला नाही.

झिसिसने मात्र पुसलं नव्हतं. टेपवर एक पट्टा रिकामा होता, पास्खालिसची नवी उजवी बाजू त्याने तिथे घेतली. मग सगळं एकत्र बांधायला बसला आणि त्याला आजच्यासारखाच खांब दिसला. सहज म्हणून त्याने स्तेर्गिओसची बाजू वर केली. ती खरोखरच मागे होती, पापणी लवावी इतकी. पास्खालिस एवढासा पुढे, स्तेर्गिओस एवढासा मागे, आणि त्या दोघांच्या मध्ये तो सगळा ऐवज मावला होता. झिसिसने स्तेर्गिओसची बाजू ठेवली. कव्हरवर छापून आलं: सर्व गिटार, पास्खालिस.

दरवर्षी ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात पाद्र्यापुढे पापं सांगताना हे त्याच्या जिभेवर यायचं. मग तो स्वतःला म्हणायचा, हे काही पाप नव्हे, हे मिक्सिंग आहे. आणि गिळायचा.

शुक्रवारी संध्याकाळी तो वरच्या वस्तीतल्या संत पारास्केवीच्या चर्चमध्ये गेला. उपासातले शुक्रवार मरियेच्या स्तवनाचे. धुपाने डोळे चुरचुरत होते, मेणबत्त्या विकणाऱ्या बाईने त्याला पुढे सरकायची खूण केली, पण तो नेहमीच्या जागी, डावीकडच्या गायकांच्या चौकाजवळ उभा राहिला. मुख्य गायक स्तवन म्हणत होता. सूर वर चढत होते, वळत होते, घसरून पुन्हा चढत होते. त्यांच्या खाली एकच स्वर होता, अचल. कीर्तनात बुवांच्या मागे कोणी झील धरून उभा असतो तसा, नव्हे, त्याहूनही हट्टी. मुख्य गायक कुठेही भटकून येवो, परतताना पायाखाली जमीन असे.

तो खालचा स्वर स्तेर्गिओस धरत होता. वीस वर्षं तोच धरत होता. लोक बाहेर पडताना मुख्य गायकाच्या गळ्याचं कौतुक करत, त्याचा हात हातात घेत. स्तेर्गिओस तोवर पोथ्या आवरत असे.

एकदा तो आजारी होता तेव्हा झिसिसने त्याच्याविना स्तवन ऐकलं होतं. गळा तोच, शब्द तेच. आणि सगळं कसं उघड्यावर पडल्यासारखं.

चर्चच्या अंगणात कडू संत्र्याची झाडं फुलली होती. स्तेर्गिओस भिंतीवर बसून भोपळ्याच्या बिया सोलत होता. दिवसभर संगमरवर कापून त्याच्या नखांत पांढरी भुकटी बसली होती. खाली बंदरातले दिवे एकेक करून लागत होते.

"बी घे," तो म्हणाला. "उपासाला चालते."

झिसिसने बी घेतली, पण सोलली नाही.

"तुला एक सांगायचंय. पंचवीस वर्षं झाली त्याला."

"मग शिळं झालं असेल."

"थट्टा नको. पहिल्या रेकॉर्डवर उजवी बाजू तुझी आहे. मी पुसली नव्हती. पास्खालिसला सांगितलं नाही, तुलाही नाही. भ्यालो. मग रेकॉर्ड गाजली आणि आणखीच भ्यालो."

स्तेर्गिओसने टरफल भिंतीपलीकडे टाकलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

झिसिस त्याच्याकडे पाहतच राहिला.

"एव्रोसला बरोबरच्या एका पोराकडे कॅसेट आली होती. दुसऱ्या गाण्यात ड्रम थांबतात ना, तिथे टक्‌ असा आवाज आहे. माझी ही अंगठी गिटारच्या लाकडाला लागली होती. मी तुला म्हटलं होतं, पुन्हा घेऊ या. तू म्हणालास, राहू दे, लाकूडही आपलंच आहे." त्याने उजव्या हाताची अंगठी फिरवली. "आपला हात माणसाला ओळखू येतो, मिस्त्री."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाशी? पहाऱ्यावरच्या कुत्र्याशी? सुट्टीवर आलो तेव्हा बोलणार होतो. पार वखारीच्या दारापर्यंत आलो होतो. पास्खालिसच्या तोंडावर फेकायचं ठरवलं होतं. मग विचार केला, हा म्हणेल, पुढच्या प्रतींतून काढून टाक. आणि तू काढशील."

झिसिसने मान खाली घातली. त्या वेळी त्याने काढलं असतं.

"भरला होता ना आवाज?" स्तेर्गिओस म्हणाला. "मग म्हटलं, राहू दे."

मग झिसिसने त्याला पास्खालिसच्या बोटांचं सांगितलं, तीन दिवसांचं सांगितलं, शनिवारचं सांगितलं.

"गिटार आहे का अजून?" झिसिसने विचारलं.

"आहे. दर रविवारी जेवणानंतर काढतो. अँप्लिफायरला न जोडता, नुसतीच. बायको म्हणते, मांजर दार ओरबाडतंय असं वाटतं." तो भिंतीवरून उतरला, कपडे झटकले. "येतो मी. पण त्याला हे सांगायचं नाही. त्याची बोटं निकामी होत चाललीत, त्यात हे ओझं कशाला?"

शनिवारी दहा वाजता तो वखारीचा जिना चढून आला. गिटार चादरीत गुंडाळलेली होती. पास्खालिस खुर्चीतून उठला नाही.

"बारीक झालास," तो म्हणाला.

"तू नाही झालास."

ख्रिसान्थी कॉफी घशात अडकेपर्यंत हसली. पास्खालिसचा ओठ हलला, पण लगेच त्याने झिसिसकडे पाहिलं. "ही तुझी आयडिया?"

"एक बाजू वाजवू दे त्याला. नाही आवडली तर पूस म्हण. या वेळी पुसतो," झिसिस म्हणाला, आणि शेवटचे शब्द निसटल्यावर जीभ चावून बसला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

स्तेर्गिओसने शिंगाची नखी ओठांत धरून तारा लावल्या. झिसिस आत जाऊन पेटीसमोर गुडघ्यांवर बसला. त्याने मायक्रोफोनला हातही लावला नाही. जागा बरोबरच होती; तीन दिवस बरोबरच होती. तरी त्याने छातीवर खूण केली आणि बाहेर आला.

पास्खालिसची डावी बाजू कानात चालू ठेवून स्तेर्गिओस वाजवू लागला. पहिले दोन-चार घाव गंजलेले निघाले. मग हात सैलावला. शिंगाची नखी तारेला टोचत नव्हती, तिला ढकलत होती. घाव बोथट, रुंद, आणि पापणी लवेल इतका उशिरा. गाणं संपेपर्यंत तो मान वर न करता वाजवत राहिला.

झिसिसने डावी डावीकडे लावली, उजवी उजवीकडे, आणि टेप सोडली.

भिंती उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंनी, छतापर्यंत. ख्रिसान्थीने हातातला कप हळूच खाली ठेवला, जणू चर्चमध्ये कोणी पोथी उघडली आहे. तिचा बेस त्या भिंतींच्या मध्ये पहिल्यांदाच मोकळा चालत होता. इतकं दांडगं काहीतरी इतकं सुंदर असू शकतं, याचं झिसिसला दर वेळी नव्याने नवल वाटायचं.

पास्खालिसने शेवटपर्यंत ऐकलं. मग खुर्ची टेबलाकडे ओढली.

"पहिली लाव. दुसरं गाणं."

"कशाला आता—"

"लाव, मिस्त्री."

झिसिसने लावली. पास्खालिसने स्वतः हात पुढे करून डावीकडचा आवाज पूर्ण खाली ओढला. एकटी उजवी बाजू उरली. घाव बोथट, रुंद, पापणी लवेल इतके उशिरा. ड्रम थांबले. टक्‌.

पास्खालिसने तेवढाच तुकडा पुन्हा वाजवला. टक्‌. त्याची नजर स्तेर्गिओसच्या उजव्या हातावर गेली, अंगठीवर थांबली. स्तेर्गिओस नखी खिशात ठेवण्यात उगाचच वेळ लावत होता.

"मला कायम वाटायचं ही ड्रमची काठी," पास्खालिस म्हणाला.

त्याने टेप बंद केली. झिसिसला वाटलं, आता हा उठेल, अँप्लिफायरची वायर खेचेल आणि जिना उतरून जाईल. मग आपण याला पुन्हा कधी पाहणार नाही. पास्खालिस उठला खरा. काचेपलीकडे गेला, अँप्लिफायरसमोर उभा राहिला. बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडे पाहत राहिला. मग अंगठ्याच्या नखाने तो खरवडू लागला.

"पंचवीस वर्षं," तो परत येऊन म्हणाला, "जो भेटेल त्याला मी आठ आकडा सांगत आलो."

"निम्म्या पोरांचे कान गेले असतील त्यापायी," ख्रिसान्थी म्हणाली. "माझ्या दुकानात येतात बिचारी."

पास्खालिस हसला नाही. त्याने गिटार गळ्यात घातली आणि डावीकडच्या स्टुलावर बसला.

"माझी बाजू पुन्हा घ्यायची आहे. तू उजवीकडे बैस, स्तेर्गिओस. दोघं बरोबर वाजवू."

असं कोणी करत नाही. एकेकाचं वेगळं घेतात, म्हणजे चुकलं तर एकट्याचं चुकतं. पण झिसिसने वाद घातला नाही. दुसरा अँप्लिफायर जोडला, दुसरा मायक्रोफोन लावला, सुस्कारा ऐकून जागा धरली, रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला.

ते वाजवू लागले आणि चौथ्या घावापाशीच झिसिसच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा खांब. भिंती सरकत येऊन मधोमध मिटत होत्या. त्याने काचेतून पाहिलं. पास्खालिसची नजर तारांवर नव्हती, स्तेर्गिओसच्या हातावर होती. प्रत्येक घावाआधी तो निमिषभर थांबत होता. तो नेमका स्तेर्गिओसच्या बरोबर पडत होता. जन्मात पहिल्यांदा तो कोणासाठी तरी थांबत होता, आणि त्यानेच सगळा आवाज किडका होत होता. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

झिसिसचा हात बोलायच्या बटणाकडे गेला.

त्याआधीच आत स्तेर्गिओसने तळहात तारांवर ठेवून त्या शांत केल्या. पास्खालिसही थांबला. दोन्ही अँप्लिफायर सुस्कारत राहिले.

"थांबू नकोस माझ्यासाठी," स्तेर्गिओस म्हणाला. "तू हो पुढे. मी येतो मागून."

पास्खालिसने मान हलवली. वाकडी होऊ लागलेली ती दोन बोटं त्याने गुडघ्यावर घासून गरम केली आणि तारांवर ठेवली.

लाल दिवा चालूच होता. झिसिसने बटणावरून हात काढून घेतला.